मनाच्या डोळ्याने पाहिलेले यंत्र

(पुस्तक: 'इंजिनिअरिंग अँड द माइंड्स आय', लेखक: यूजीन एस. फर्ग्युसन, प्रकाशक: एम. आय. टी. प्रेस, अमेरिका, १९९२)

विज्ञान नियम शोधते आणि तंत्रज्ञान त्या नियमांचा वापर करते, हे वाक्य शाळेच्या पुस्तकांतून या ना त्या रूपात भेटत असते. आपणही ते वर्गात सहज सांगून जातो. तरफेचा नियम शिकवला की उदाहरण म्हणून अडकित्ता, पास्कलचा नियम शिकवला की मोटारीचा ब्रेक. क्रम ठरलेला आहे: आधी नियम, मग वस्तू. त्यातून मुलांचा समज असा होतो की, ज्याला गणित आणि भौतिकशास्त्र चांगले येते त्याला यंत्र आपोआप सुचते.

पण पहिला अडकित्ता घडवणाऱ्या लोहाराने तरफेचा नियम वाचलेला नव्हता. उलट, नियम तोंडपाठ असलेल्या विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल देऊन 'एक अडकित्ता काढ, खीळ कुठे बसवशील, पाते किती जाड घेशील?' असे विचारले तर तो गोंधळून जातो. मूठ लांब केली तर जोर कमी लागेल, एवढे नियम सांगतो. ती किती लांब करायची हे तो सांगत नाही. ते ठरते हाताच्या पकडीवरून, सुपारीच्या आकारावरून, धातूच्या गुणांवरून आणि वस्तू खिशात मावायला हवी की नको यावरून. हे ठरवणे म्हणजेच डिझाइन. यांत्रिक डिझाइन करणारा इंजिनिअर नोकरीत दिवसभर हेच करत असतो. फक्त अडकित्त्याच्या जागी पंप, गिअरपेटी किंवा कापूस पिंजण्याचे यंत्र असते.

हे ठरवणारी विचारशक्ती कोणती, ती कशी वाढते आणि शिक्षणाने ती मारली तर काय होते, हा यूजीन फर्ग्युसन यांच्या पुस्तकाचा विषय आहे. पुस्तक निघून तीन दशके उलटली. त्यात सांगितलेले काही आज अधिक पटते, काही कमी. विज्ञान शिकवणाऱ्यांनी ते आजही वाचावे, पण जरा भांडत वाचावे, असे वाटल्यावरून हे परीक्षण.

पुस्तकाचे म्हणणे

फर्ग्युसन (१९१६–२००४) हे मुळात यांत्रिक अभियंता. त्यांनी कारखान्यांत काम केले, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवले आणि नंतर ते तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. १९७७ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा याच विषयावरचा लेख प्रसिद्ध झाला होता. पुस्तक म्हणजे त्या लेखाचा विस्तार.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. आपल्याभोवतीच्या वस्तूंचे आकार आणि मापे मुख्यतः समीकरणांतून आलेली नाहीत. ती कोणाच्या तरी मनात आधी चित्ररूपाने आली. हे चित्र शब्दांत नसते, आकड्यांतही नसते. डिझाइन करणारा माणूस मनातल्या मनात यंत्र फिरवून पाहतो, एखादा भाग काढून दुसरा बसवतो, कुठे अडेल ते ताडतो. गणित येते ते त्यानंतर, आणि तेही मनाने जे उभे केले त्याची तपासणी करायला. या शक्तीला ते मनाचा डोळा म्हणतात.

हा डोळा जन्मजात मिळत नाही, हे त्यांचे दुसरे म्हणणे. वस्तू हाताळून, उघडून, मोडून, जोडून आणि मुख्य म्हणजे रेखाटून तो तयार होतो. ज्याने कधी नट आवळताना त्याचे आटे बिघडवले नाहीत, त्याला 'किती आवळायचे' हे आकड्यावरून समजणार नाही.

पुस्तकातला शिक्षकांना सर्वांत उपयोगी पडेल असा भाग रेखाटनांच्या वर्गीकरणाचा आहे. इंजिनिअर जी कच्ची चित्रे काढतो ती तीन प्रकारची असतात. पहिले स्वतःशी विचार करताना काढलेले. त्यात खाडाखोड असते, अर्धवट रेषा असतात. दुसरे दुसऱ्याला सूचना देण्यासाठी. त्यावरून आरेखक पक्के ड्रॉइंग तयार करतो. तिसरे बोलता बोलता काढलेले. दोन माणसे एका कागदावर वाकलेली असतात, एकाने काढलेल्या रेषेवर दुसरा आपली रेषा ओढतो आणि 'असं केलं तर?' म्हणतो. कारखान्यात हा प्रकार रोज दिसतो. कधी कागदही नसतो. लेथशेजारच्या फरशीवर खडूने काम भागते. आपल्या शाळांत मात्र या तिन्ही प्रकारांना जागा नाही. आपल्याकडे आकृती म्हणजे पुस्तकातून वहीत उतरवलेली, नावे दिलेली, दोन गुणांची आकृती.

इतिहासाची बाजू

पुस्तकाचा मधला भाग इतिहासाचा आहे आणि तोच सर्वांत भक्कम आहे. यूरोपातल्या पंधराव्या-सोळाव्या शतकांतील अभियंत्यांच्या वह्या, अग्रिकोलाचा खाणकामावरचा १५५६ चा ग्रंथ आणि रामेल्लीचे १५८८ चे यंत्रांचे पुस्तक यांतली चित्रे फर्ग्युसन पुढे मांडतात. रामेल्लीच्या एका पुस्तकात १९५ चित्रे आहेत. पाणी उपसण्याची, धान्य दळण्याची, ओझी उचलण्याची शेकडो कल्पक यंत्रणा त्यांत दिसतात. त्यांतली बरीच यंत्रे त्या काळच्या गरजेपेक्षा फारच गुंतागुंतीची होती. पण ती कागदावर आल्यामुळे एका देशातल्या कारागिराची युक्ती दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसापर्यंत पोचली.

छपाईने शब्दांचे काय केले हे आपण इतिहासात शिकवतो. तिने चित्रांचे काय केले हे सहसा सांगत नाही. हाताने नक्कल करताना शब्द बऱ्यापैकी टिकतो, पण चित्र प्रत्येक नकलेत थोडे बिघडते. छापलेले चित्र हजार प्रतींत तेच राहते. यंत्रविद्येच्या प्रसारात हा फरक निर्णायक ठरला, हे पुस्तकातील चित्रे पाहताना सहज पटते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने घनवस्तू सपाट कागदावर नेमकेपणाने दाखवण्याची भूमिती शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली. समोरून, वरून, बाजूने असे दृश्य काढण्याची जी रीत आज आय. टी. आय. मध्ये आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, तिचे मूळ इथे आहे. या रीतीने एक मोठी गोष्ट साधली: वस्तू करणारा आणि वस्तू ठरवणारा हे दोघे वेगळ्या ठिकाणी असू शकले. फर्ग्युसन तिचे कौतुक करतात, पण या विभागणीने काय गमावले तेही सुचवतात.

आपल्या वाचकांना इथे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) आठवतील. पुस्तकात त्यांचा उल्लेख नाही. पण लेखकाच्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळल्यामुळे चित्रकाराचा मार्ग बंद झाला. रेषा मात्र हातात होती. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे सायकली, कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० पासून किर्लोस्करवाडी. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाच्या मुळाशी एक ड्रॉइंग मास्तर आहे, ही गोष्ट आपल्या चित्रकला शिक्षकांना कोणी आवर्जून सांगितली पाहिजे.

डोळा कुठे फसतो

इथपर्यंत फर्ग्युसन यांच्याशी वाद नाही. वाद सुरू होतो तो मनाच्या डोळ्याला दिलेल्या मोठेपणाबद्दल. त्यांच्या लिखाणातून असा सूर निघतो की, जुने अनुभवी डोळे हरवले आणि आकडेमोडीवर विसंबणारे आले म्हणून अपघात वाढले. हे अर्धेच खरे आहे.

मनाचा डोळा अनुभवावर पोसलेला असतो. म्हणून जिथे अनुभव संपतो तिथे तो फसतो, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने फसतो. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हाडाचे एक चित्र दिले आहे. प्राणी तिप्पट मोठा केला तर त्याचे हाड केवळ तिप्पट लांब-रुंद करून चालत नाही, ते बेढब वाटावे इतके जाड करावे लागते. कारण वजन घनाच्या पटीत वाढते आणि हाडाचा छेद वर्गाच्या. लहान नमुना पाहून मोठ्याचा अंदाज करणाऱ्या डोळ्याला हे दिसत नाही. ते गणिताने दाखवले.

दुसरे उदाहरण धातूच्या थकव्याचे. ब्रिटनच्या कॉमेट जातीची दोन जेट विमाने १९५४ साली जानेवारी आणि एप्रिलमध्ये हवेतच फुटली. विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा कमीजास्त केल्यावर कारण कळले. खिडकीच्या कोपऱ्याजवळ ताण एकवटत होता आणि प्रत्येक उड्डाणागणिक तिथली बारीक चीर वाढत होती. डिझाइन करणारे अनुभवी होते, निष्काळजी नव्हते. पण एकदा सोसलेला भार हजार वेळा सोसता येईलच असे नाही, हे नजरेने ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो, आकडे लागतात.

पुस्तकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मोठ्या अभियांत्रिकी अपयशांची चर्चा आहे. १९५५ च्या ग्रिंटर समितीच्या अहवालानंतर तिथल्या महाविद्यालयांनी विज्ञानविषय वाढवले आणि आरेखन व कार्यशाळा मागे टाकल्या, हा इतिहास लेखक नीट सांगतात. पण त्या बदलापासून थेट अपघातांपर्यंत रेषा ओढणे घाईचे होते. चॅलेंजर यानाचा १९८६ चा अपघात घ्या. जोडातली रबराची कडी थंडीत कडक होईल हे इंजिनिअरांना कळत होते. उड्डाणाच्या आदल्या रात्री त्यांनी विरोधही केला होता. तिथे डोळा आंधळा नव्हता. डोळ्याने पाहिलेले वरिष्ठांनी ऐकले नाही. याला अभ्यासक्रम बदलणे हा उपाय नव्हे. 'मला हे बरोबर वाटत नाही' असे म्हणणाऱ्याला कामाच्या ठिकाणी किती किंमत आहे, हा तो प्रश्न आहे.

एक बदललेली सळई

ड्रॉइंग वाचणे म्हणजे काय, हे समजावायला मी दुसरे उदाहरण निवडीन. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधील हायट रिजन्सी हॉटेलच्या दालनात दोन झुलते पूल एकाखाली एक टांगलेले होते. १७ जुलै १९८१ रोजी ते कोसळले आणि ११४ माणसे मेली.

मूळ कल्पनेत छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांच्या तुळयांतून खाली येत होती. प्रत्येक पूल आपापल्या नटावर टेकलेला. पण त्यासाठी लांबच लांब सळईला आटे पाडावे लागले असते. म्हणून सळईचे दोन तुकडे करायचे ठरले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर पाहता हा फरक किरकोळ. करायला सोपे, स्वस्त. पण आता खालचा पूल छताला न लोंबता वरच्या पुलाला लोंबू लागला. वरच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. मूळ रचनाही नियमात लागते त्यापेक्षा कमकुवतच होती, असे चौकशीत आढळले. या बदलाने उरलेसुरले बळ अर्धे झाले.

वर्गात हे दोन मिनिटांत समजते. एका दोराला दोन मुले वरखाली लोंबकळत आहेत असे फळ्यावर काढावे. दोघांनीही दोर धरला तर प्रत्येकाच्या हातांवर आपापले वजन. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर? मुले लगेच 'वरच्याचे हात सुटतील' म्हणतात. यासाठी एकही सूत्र लागत नाही. लागतो तो मनाचा डोळाच, फर्ग्युसन म्हणतात तसा. पण तो कागदावरच्या रेषेतून भार वाहताना पाहणारा हवा. रेषा पाहणे वेगळे आणि रेषेतून वाहणारे बळ पाहणे वेगळे. हे दुसरे पाहणे चित्रकलेतून येत नाही, भौतिकशास्त्रातून येते. डोळा विरुद्ध गणित असा जो सामना पुस्तकात नकळत उभा राहतो, तो या ठिकाणी निरर्थक ठरतो.

रोजचे काम

फर्ग्युसन यांचे लक्ष कल्पना सुचण्याच्या क्षणाकडे आहे. डिझाइन करणाऱ्याच्या कामाचा मोठा भाग त्यानंतर सुरू होतो, आणि तो पुस्तकात अपुरा आला आहे.

एक साधी गोष्ट पाहू. २५ मिलिमीटरच्या भोकात २५ मिलिमीटरचा दांडा फिरवायचा आहे. कागदावर दोन्हींचे माप २५. पण जगात कोणतीही वस्तू नेमकी २५ मिलिमीटरची होत नाही. मग ड्रॉइंगवर लिहावे लागते की भोक २५.००० ते २५.०२१ पर्यंत चालेल आणि दांडा २४.९८० ते २४.९९३ पर्यंत. म्हणजे सर्वांत लहान भोकात सर्वांत जाड दांडा गेला तरी ०.००७ मिलिमीटरची फट राहील, आणि उलट टोकाला ०.०४१ ची. मापातल्या या मान्य सुटीला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात.

ही सूट कमी ठेवली तर यंत्र छान चालेल, पण टर्नरला वेळ जास्त लागेल, माल बाद होईल, किंमत चढेल. जास्त ठेवली तर दांडा खडखडेल. नवा इंजिनिअर भीतीपोटी सगळीकडे कडक मापे लिहितो; मुरलेला माणूस जिथे गरज आहे तिथेच लिहितो. कोणता भाग बाजारात तयार मिळतो, कोणता बोल्ट मेकॅनिकच्या पान्याला सापडेल, वंगण घालायला हात पोचेल का, असे शेकडो छोटे निर्णय त्याला घ्यावे लागतात. हे काम प्रतिभेचे कमी आणि दुसऱ्याचा विचार करण्याचे जास्त आहे. ड्रॉइंग हे करणाऱ्याला लिहिलेले पत्र असते. ते वाचून त्याला आपल्याकडे परत प्रश्न विचारायला यावे लागले, तर पत्र नीट लिहिले नाही असे समजावे.

हापशाची परीक्षा

पुस्तकातल्या प्रतिपादनाची परीक्षा आपल्याला दारातच घेता येते. गावोगावचा हापसा, म्हणजे 'इंडिया मार्क टू' हातपंप, हे यांत्रिक डिझाइनचे असे उदाहरण आहे की ते पाठ्यपुस्तकात का नाही याचे नवल वाटते.

आधीचे बिडाचे पंप परदेशातील एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी योजलेल्या पंपांच्या धर्तीवर होते. आपल्याकडे एकेका पंपावर अख्खे गाव. सांध्यांच्या खिळी झिजत, दांडे मोडत, पंप बंद पडत. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून अधिक टिकाऊ पोलादी पंप तयार झाले. सोलापूरचा पंप तर स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या मेकॅनिकच्या डोक्यातून निघाला. त्यातली मुख्य कल्पना घेऊन १९७० च्या दशकात भारत सरकार, युनिसेफ आणि उत्पादक यांनी मार्क टू विकसित केला, तमिळनाडूत कोइमतूरजवळ खऱ्या विहिरींवर तपासला आणि १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक निघाले.

ती कल्पना अशी. हँडलच्या खिळीभोवती हँडलचे टोक वर्तुळाकार फिरते, पण विहिरीतला दांडा सरळ वरखाली जायला हवा. दांडा हँडलला थेट खिळीने जोडला तर टोक कमानीत फिरताना त्याला बाजूला ओढते आणि सांधा झिजतो. म्हणून हँडलच्या टोकाला वर्तुळाचा एक पाव भाग बसवला, ज्याचा मध्य म्हणजे हँडलची खीळ. त्यावरून साखळी सोडली. खिळीच्या पातळीवर साखळी त्या कमानीला सोडते. तिथली स्पर्शिका उभी असते आणि खिळीपासून तिचे अंतर नेहमी त्रिज्येइतकेच राहते. हँडल कुठेही असो, साखळी एकाच उभ्या रेषेत लोंबते. नववी-दहावीची स्पर्शिका इथे पाणी भरते आहे!

साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. मग दट्ट्या खाली कसा जातो? विहिरीतल्या लांब दांड्यांच्या वजनाने. विहीर उथळ असेल तर हे वजन कमी पडते. कोणतीही युक्ती तिच्या अटींसकट येते ती अशी. खिळीत बंद बॉलबेअरिंगे घातल्यामुळे रोजच्या तेलपाण्याची कटकट गेली. दोष राहिला तो दुरुस्तीत. दट्ट्याचे वॉशर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागतात आणि त्याला पथक बोलवावे लागते. पुढच्या 'मार्क थ्री'मध्ये पाइप ३२ ऐवजी ६५ मिलिमीटरचा केला, म्हणजे दट्ट्या त्यातूनच वर ओढता येतो. त्याबदल्यात पाइप जड आणि महाग झाला.

या कहाणीत फर्ग्युसन बरोबर ठरतात, कारण मूळ कल्पना हाताने काम करणाऱ्याच्या मनात चित्ररूपाने आली. आणि ते अपुरेही ठरतात, कारण एका मेकॅनिकच्या डोळ्यापासून देशभरच्या पंपापर्यंतचे अंतर मापे, मानके, चाचण्या आणि गावकऱ्यांच्या तक्रारी यांनी तोडले. एकाचा डोळा पुरला नाही, अनेकांचे लागले.

संगणक आल्यावर

१९९२ मध्ये ड्रॉइंग बोर्ड जाऊन संगणक येत होता. फर्ग्युसन यांना धास्ती होती की, संगणकाच्या आज्ञावलीत दडलेली गृहीतके वापरणाऱ्याला दिसणार नाहीत आणि पडद्यावरच्या उत्तराला तो प्रमाण मानेल. हे भय निराधार नव्हते. अमेरिकेत हार्टफर्ड येथील क्रीडागृहाचे विशाल छप्पर संगणकाच्या मदतीने योजले होते. बांधताना ते हिशेबापेक्षा बरेच जास्त, सुमारे दुप्पट, वाकलेले दिसले. काम करणाऱ्यांनी शंका काढली. एवढा फरक चालतो असे उत्तर मिळाले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या ओझ्याने ते छप्पर कोसळले. काही तासांपूर्वी आत सुमारे पाच हजार प्रेक्षक होते. दांडे बाजूला वाकू नयेत म्हणून दिलेले आधार हिशेबात धरले होते तितके परिणामकारक प्रत्यक्षात नव्हते.

आज टी-स्क्वेअर दिसत नाही. घनाकृती पडद्यावर फिरवता येते, आतून कापून पाहता येते. ज्यांना सपाट चित्रावरून वस्तू दिसत नव्हती अशा कित्येक विद्यार्थ्यांना यामुळे दिसू लागली. ही बाजू फर्ग्युसन यांनी धरली नव्हती. पण एक धोका खरा आहे. पडद्यावरचे चित्र पहिल्या मिनिटापासून पूर्ण झाल्यासारखे दिसते. पेन्सिलीची कच्ची रेषा 'मला खोड' असे म्हणत असते. चकचकीत चित्र तसे म्हणत नाही. म्हणून आधी कागदावर वेडेवाकडे काढून मगच पडद्याकडे वळावे, हा आग्रह आजही योग्य आहे.

आपण काय घ्यावे

आपल्याकडच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांत स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती हे विषय पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आठवून काढणे, नवे योजणे, नेमके मोजणे: मनाच्या डोळ्याचे तीनही व्यायाम तयार आहेत. अडचण एवढीच की ते चित्रकलेच्या तासाला बंदिस्त आहेत आणि दहावीच्या वाढीव गुणांपुरते उरले आहेत. विज्ञानाच्या तासाला स्मरणचित्र का काढू नये? रोज सायकल चालवणाऱ्या मुलांना ती न पाहता काढायला सांगा. साखळी दोन्ही चाकांना जोडणारे बरेच निघतील. मग सायकल वर्गात आणावी आणि 'तुझी सायकल वळली असती का?' असे विचारावे. चूक सापडते ती मुलाला स्वतःला, आणि ती कायमची सापडते.

तसेच, एकाने वस्तू पाहायची, दुसऱ्याने न पाहता केवळ पहिल्याच्या चित्रावरून ती पुठ्ठ्याची करायची. शब्द वापरायचे नाहीत. ड्रॉइंग हे पत्र आहे म्हणजे काय, ते एका तासात कळते. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी करत शिकण्याची जी वाट घालून दिली, तिचा गाभा हाच आहे. त्यासाठी प्रत्येक शाळेला कार्यशाळा हवीच असे नाही. बिघडलेला स्टोव्ह, जुने कुलूप आणि एक पान्हा एवढ्यावर सुरुवात होते.

हे पुस्तक इंग्रजी आहे, पण गणिताने भरलेले नाही. चित्रे मुबलक आहेत आणि मजकुराइतकेच बोलतात. बारावीचा चिकाटीचा विद्यार्थी ते वाचू शकेल. वाचताना एवढे लक्षात ठेवावे की, लेखक एका बाजूचा वकील आहे. आरेखनाला आणि हाताच्या कामाला हलके लेखणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध तो उभा आहे, आणि वकिलाच्या उत्साहात विरुद्ध बाजूचे पुरावे तो जरा मागे सारतो. आपल्याकडे तर ही व्यवस्था त्याच्या देशापेक्षा जुनी आहे. हात काळे करणारा खालचा आणि कागद काळे करणारा वरचा, ही उतरंड आपण शिक्षणात जशीच्या तशी आणली. इंजिनिअर व्हायला निघालेली हजारो मुले प्रवेशपरीक्षेपर्यंत एकही वस्तू न उघडता पोचतात. त्यांना गणित कमी शिकवा असे कोणी म्हणणार नाही. पण स्पर्शिकेचे प्रमेय शिकवल्यावर मुलांना गावच्या हापशापाशी न्यायला शाळेचा अर्धा तासच जातो.